जे जळलं नाही

१

पाचवा पंप मुलींच्या वसतिगृहात जळाला. कारखान्याची गाडी तो उचलून घेऊन आली, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आधीचे चार असेच आले होते. पण दोन दिवसांनी वसतिगृहाच्या मुख्य बाई स्वतः आल्या. मालकिणीच्या खोलीत पाणीसुद्धा न घेता त्यांनी सांगितलं की पंप बंद करायला गेलेला रखवालदार मनगटापर्यंत भाजला आहे आणि त्याचा उजवा हात पुन्हा काम करील की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत.

त्या गेल्या आणि जेवणाची सुट्टी व्हायच्या आत कारखान्यात गुन्हेगार ठरून गेला. जुने पंप खोलणाऱ्या शेडमधली कामगार, जिला सगळे वहिनी म्हणत.

इमारतींच्या टाकीत पाणी चढवणारे पंप बनवण्यात या कारखान्याची एक पिढी गेली होती. मालकिणीची मुलगी इंजिनिअर होऊन आली आणि तिने नवीच टूम काढली. विकलेला पंप जुना झाला की तो गिऱ्हाइकाकडून परत आणायचा, खोलायचा, चांगले भाग धुऊन-मापून पुन्हा नव्या पंपात बसवायचे आणि उरलेलं वितळवायचं. कारखान्यातून काहीही कचऱ्यात जाता कामा नये. विकलेली वस्तू ही आपलीच, नुसती लोकांकडे राहायला गेलेली, असं ती म्हणायची. लोक हसले, पण पंप चालले. निम्मा कारखाना त्या पंपांवर चालू लागला. आणि आता जळलेले पाचही पंप त्यातलेच निघाले होते. कोऱ्या मालातला एकही नाही.

येणारा प्रत्येक जुना पंप वहिनींच्या टेबलावर खोलला जाई. त्या आधी मोटरवर तांब्याची वायर गुंडाळणाऱ्या वाइंडिंग विभागात होत्या, मानाच्या जागी. तिथून मनाविरुद्ध शेडमध्ये पाठवलं, तेव्हा सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "ही जुनी मढी एक दिवस तुम्हालाच जाळतील." एवढं पुरे होतं. मालकिणीच्या धाकट्या दिरांनी, म्हणजे विक्री सांभाळणाऱ्या काकांनी, वहिनींना फाटकाबाहेर काढलं आणि उद्या संध्याकाळी पोलिसांत तक्रार द्यायची, असं जाहीर केलं.

मालकिणीने रात्री धाकट्या बहिणीला फोन लावला. ही धाकटी बहीण विमा कंपनीतून निवृत्त झालेली. उभी हयात तिने जळकी गोदामं आणि जळक्या गिरण्या पाहण्यात घालवली होती. घरात सगळे तिला मावशी म्हणत.

"ये एकदा," मालकीण, म्हणजे मावशीची ताई, म्हणाली. "वहिनी तसं करणार नाही असं मला वाटतं. पण वाटण्यावर कारखाना चालत नाही."

२

सकाळी मावशी फाटकाशी उतरली तेव्हा समोरच्या बाकावर एक चाळिशीची बाई मांडीवर डबा घेऊन ताठ बसली होती. कामावर घेत नाहीत म्हणून घरी बसायचं, हे तिला मंजूर नसावं. फाटकावरचा रखवालदार तिच्याकडे बघणं टाळत होता. याच त्या वहिनी, हे मावशीला कुणी सांगावं लागलं नाही.

आत भाची, ताईची इंजिनिअर मुलगी, वाट बघत होती. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. मावशीने पहिली गोष्ट मागितली ती जळलेला पाचवा पंप. भाची ओशाळली. पंप आता नव्हता.

"नव्हता म्हणजे?"

"खोलला. आलेला पंप त्याच दिवशी खोलायचा, असा आपला नियम आहे. कवच धुवायला गेलं, तांबं भट्टीत, शाफ्ट रॅकवर. बेअरिंग आणि वायर तर जळालीच होती."

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. चाळीस वर्षांच्या नोकरीत पुरावा जाळणारे, पुरणारे आणि विकणारे लोक तिने पाहिले होते. पुरावा धुऊन-पुसून पुन्हा कामाला लावणारं हे पहिलंच घर. "म्हणजे प्रेत आलं आणि तुम्ही त्याचे हातपाय वाटून मोकळे झालात," ती म्हणाली.

काकांना तिने आधी गाठलं. काका तोंडाने गोड आणि पोटात गाठ मारून ठेवणारे. भाचीच्या योजनेला त्यांचा पहिल्यापासून विरोध. गिऱ्हाइकाला उष्टं वाढू नये, हे त्यांचं पालुपद. पण आता विरोध खरा ठरला तर त्यांना आनंद व्हायला हवा होता आणि ते तर रात्रभर झोपले नव्हते. पाच ठिकाणी हात जोडून माफी त्यांनीच मागितली होती. भाजलेल्या रखवालदाराला बघायला दवाखान्यात गेले होते तेही तेच. वहिनींविरुद्ध पुरावा काय, असं विचारल्यावर त्यांनी हात पसरले. पाचही पंप बांधणारे कामगार वेगवेगळे. बसवणारे वेगवेगळे. इमारती शहराच्या चार टोकांना. पाचांत सामाईक एकच गोष्ट, ती म्हणजे वहिनींचं टेबल.

"मग न जळालेले पंप कुणाच्या टेबलावरून गेले?" मावशीने विचारलं.

तेही वहिनींच्याच टेबलावरून गेले होते आणि ते कितीतरी जास्त होते.

३

तपासणी विभागाच्या माणसाला कारखान्यात शंकासुर म्हणत. घरून निघताना कुलूप लावलं की नाही हे बघायला तो अर्ध्या वाटेवरून परत जातो, अशी त्याची ख्याती. त्याने मावशीलाच उलट प्रश्न विचारले: त्या कोण, कुणाच्या सांगण्यावरून आल्या, आणि विम्यातली बाई पंपात काय बघणार. मग आढेवेढे घेत त्याने आपलं काम दाखवलं. प्रत्येक जुना भाग त्याच्याकडे येतो. शाफ्ट, म्हणजे मोटरच्या मधला फिरणारा पोलादी दांडा, तो दोन टोकांवर धरून फिरवतो आणि काट्याचं मापयंत्र लावतो. काटा हलला की दांडा वाकडा. हलला नाही की पास. कवचाला तडा आहे का बघतो, पंख्याची पाती मोजतो. शाफ्ट ज्यात टेकून फिरतो ते बेअरिंग आणि तांब्याची वायर जुनी कधीच वापरत नाहीत, ती प्रत्येक पंपात कोरी असते.

मावशीचा गोंधळ इथून वाढत गेला. जळलं काय, तर बेअरिंग आणि वायर. म्हणजे जळलेल्या पंपांत जे जळलं ते कोरं होतं. आणि जे जुनं होतं ते शाबूत परत आलं होतं. मग जुन्या मालाला दोष कसा द्यायचा? आणि कोऱ्या मालाला द्यावा, तर तीच बेअरिंगं, तीच वायर कोऱ्या पंपांत जात होती आणि ते पंप मजेत पाणी चढवत होते.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने शंकासुराला विचारलं.

"मला सगळंच वाटतं," तो म्हणाला. "विजेचा दाब वाटतो, पाण्यातली माती वाटते, काका वाटतात. तुमची भाचीही वाटते. स्वतःचाही संशय घेऊन झालाय. रात्री उठून मापयंत्र तपासून आलो. ते बरोबर आहे."

शेडमध्ये मावशी एकटीच फिरली. टेबल, पकडी, धुण्याचं पिंप, आणि कडेला घासायचं यंत्र. खडे भरलेलं पिंप गरगर फिरतं, आत टाकलेला भाग चकचकीत होऊन निघतो. पलीकडच्या रॅकवर शाफ्ट ओळीने मांडले होते. जुने की कोरे, सांगता येऊ नये इतके लखलखीत. तिने एक उचलला, दुसरा उचलला. दोन्ही सारखे. तिसराही. एखाद्या भल्या मोठ्या कुटुंबात पाहुणा म्हणून जावं आणि सगळ्या जुळ्या भावांनी एकदम नमस्कार करावा, तशी तिची गत झाली.

"यांच्यावर खूण कशी नाही?" तिने तिथल्या कामगाराला विचारलं. "हा किती वेळा वापरला, कळणार कसं?"

पूर्वी खुणा असायच्या, तो म्हणाला. मग घासून काढायचा हुकूम आला. कुणाचा? त्याने खांदे उडवले. वरून आला, एवढंच. वहिनींना माहीत असेल.

४

वहिनी बाकावरून उठल्या नाहीत. मावशी शेजारी बसली.

मढ्यांचं बोलणं वहिनींनी नाकारलं नाही. "रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. मी नवऱ्याला रोज म्हणते, मेलास तर सुटेन. तो दोन्ही वेळ पोटभर जेवतो." मग त्यांनी मावशीकडे बघितलं. "पोलीस आले ना बाई, तर माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडेल. खरंखोटं नंतर होत बसेल. आधी लग्न मोडेल."

जळलेले पंप त्यांना पक्के आठवत होते. पाचही त्यांनी स्वतःच्या हातांनी खोलले होते. प्रत्येकात बेअरिंग जाम, वायर कोळसा. शाफ्टवर बेअरिंगच्या जागी निळसर जांभळा डाग, पोलाद तापल्यावर पडतो तसा. तो यंत्रात घासून निघे.

"घासायला कुणी सांगितलं?"

वहिनींनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. "ते आठवत नाही."

पाच पंपांचा कोळसा आठवणाऱ्या बाईला हे आठवत नव्हतं. मावशीने ते मनात ठेवलं आणि आत गेली. डोक्याचा भुगा झाला होता. काका खोटं बोलत नव्हते, शंकासुर खोटं बोलत नव्हता. आणि जी खोटं बोलत होती, ती पंप जाळणारी वाटत नव्हती. जुन्या नोकरीत अशा वेळी ती जळलेलं सोडून देई आणि न जळलेल्याकडे बघे. गिरणी जळते, मालकाचं सामान तेवढं वाचतं. मग कोडं सुटायला वेळ लागत नाही.

भाचीला तिने समोर बसवलं आणि पंप कुठे कधी बसवले ते ओळीने सांगायला लावलं.

"पहिला दवाखान्यात जळला," भाची म्हणाली. "दुसरा छापखान्यात."

"छापखान्यातला बांधला कधी? पहिला जळायच्या आधी की नंतर?"

भाचीने आठवून बघितलं. "नंतर. पहिला परत आला, त्यानंतर थोड्याच दिवसांनी."

"आणि तिसरा?"

"तो... छापखान्यातला परत आल्यावर." भाचीचा आवाज हळू झाला. "चौथा तिसऱ्याच्या नंतर. पाचवा चौथ्याच्या नंतर. पण मावशी, मधल्या काळात आपण कितीतरी पंप बांधले. ते चालू आहेत."

"दोन पंप एकाच वेळी आजारी पडलेत असं कधी झालं?"

"कधीच नाही."

मावशी खुर्चीत मागे टेकली. दिवसभरात पहिल्यांदाच तिला दाराची फट दिसली. एखाद्या गावात पाच खून होतात. प्रत्येक वेळी घरातले सगळे मरतात आणि एकच माणूस धुऊन-पुसून बाहेर पडतो, पुढच्या घरी पाहुणा म्हणून जातो. लोक मात्र रडतात मेलेल्यांकडे बघून.

"तुमच्याकडे जळणारे पंप पाच नाहीत," ती म्हणाली. "वाईट शाफ्ट एकच आहे. तो फिरतोय."

५

शंकासुराला हे ऐकून राग आला. वाकडा शाफ्ट त्याच्या मापयंत्राखालून सुटणं शक्य नव्हतं. मावशीने त्याला एवढंच विचारलं की मापताना शाफ्ट गार असतो की गरम. गारच, तो म्हणाला. गरम मापायचं कशाला? आणि मग त्याने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

पोलादात कधीकधी घडवतानाच ताण कोंडून राहतो, त्याने भाचीला आणि मावशीला समजावलं. असा दांडा गार असताना सुतासारखा सरळ. तापला की एका अंगाला फुगतो आणि वाकतो. बेअरिंग दाबतो, मोटर अडते, वायर जळते. गार झाला की पुन्हा सरळ. कोरा होता तेव्हा एखाद्या लहान टाकीवर असेल, म्हणून तापलाच नसेल. बेअरिंग भंगारात, वायर भट्टीत, आणि हा पठ्ठ्या रॅकवर. नेहमीच्या कारखान्यात जळलेल्या पंपाबरोबर हाही भंगारात गेला असता आणि गोष्ट पहिल्याच घरी संपली असती. इथे काहीच फेकत नव्हते.

बेअरिंग तापवायचं तेलाचं भांडं होतं. दुपारभर शंकासुराने रॅकवरचा एकेक शाफ्ट त्यात तापवला आणि मापला. बातमी पसरली. काका येऊन उभे राहिले, ताई येऊन उभी राहिली. मावशी खिडकीपाशी होती. तिथून फाटकाबाहेरचा बाक दिसत होता.

एक शाफ्ट झाला, दुसरा झाला. काटा हलेना. रॅक संपत आला तसं कुणी कुणाकडे बघेनासं झालं. शेवटचा शाफ्ट तेलातून निघाला, फिरला आणि काटा जागचा हलला नाही.

"झालं?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "मी पोलिसांकडे जाऊन येतो. काहीतरी ठरवायला तर हवं," ते ताईला म्हणाले.

तर्क इतका चपखल बसला होता की तो चुकीचा असेल, हे मावशीच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. पाचवा पंप आला, खोलला. शाफ्ट रॅकवर गेला. त्यानंतर बांधणी थांबली. पण ती थांबली वसतिगृहाच्या बाई येऊन गेल्यावर, आणि त्या आल्या दोन दिवसांनी.

"त्या दोन दिवसांत काही बांधलं?" तिने विचारलं.

शंकासुराने डोकं खाजवलं. बांधला होता, एक. त्यानेच पास केला होता. पण ऑर्डरी थांबल्या होत्या, तेव्हा तो गिऱ्हाइकाकडे गेला नाही. गोदामात असायला हवा होता. भाची पळत जाऊन बघून आली. गोदामात पंप नव्हता.

६

सगळे एकमेकांकडे बघू लागले. काका मात्र जमिनीकडे बघत होते.

"तो मी घेतला," शेवटी ते म्हणाले. "इथल्याच न्हाणीघराच्या टाकीवर बसवायला. आधीचा बिघडला होता. आता आपल्याच घरात कोरा पंप कोण लावतं?"

इतक्या ताणातही ताईला हसू फुटलं. गिऱ्हाइकाला उष्टं वाढू नये म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या ताटात तेच घेतलं होतं. काकांचा चेहरा बघवेना, म्हणून तिने तोंडाला पदर लावला.

न्हाणीघरामागचा पंप शहाण्यासारखा चालत होता. टाकी लहान, जरा चालला की भरायची. त्याला तापायला सवडच मिळाली नव्हती. शंकासुराने टाकीचा नळ मोकळा सोडला आणि पंप चालूच ठेवला. पाणी अंगणातून वाहत बागेत गेलं. भाची पंपाच्या कवचावर हात ठेवून उभी राहिली आणि हात ठेववेना तेव्हा मागे सरली.

आधी आवाज बदलला. सरळ गुणगुण होती, तिच्यात कण्हल्यासारखं काहीतरी मिसळलं. मग पंप बुडाशी थरथरायला लागला आणि जळक्या रंगाचा वास आला. शंकासुराने बटण बंद केलं. पंप तिथेच उघडून त्याने गरम शाफ्ट चिमट्याने काढला, धावतच मापयंत्राशी नेला आणि फिरवला. काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झुलला. सगळे तो गार होईपर्यंत बघत राहिले. झोका लहान होत गेला, आणि शेवटी काटा असा स्थिर झाला की जणू काही घडलंच नव्हतं.

"म्हणजे वहिनींनी काहीच केलेलं नाही," ताई म्हणाली. "पण भाऊजी, खुणा घासायला सांगणारा कोण? खूण असती तर चार वेळा जळून आलेला शाफ्ट पाचव्यांदा बसलाच नसता. तुम्ही सांगितलंत?"

काकांनी नाही म्हटलं, आणि कुणाचा विश्वास बसला नाही. आयुष्यात एकदा खरं बोलल्याचं त्यांना वाईट वाटलं असेल.

"मी सांगितलं," भाची म्हणाली.

एका मोठ्या गिऱ्हाइकाने सुरुवातीलाच पंप उघडून बघितला होता, ती सांगू लागली. आतल्या भागांवर दर वापराला एक असे खुणेचे ठिपके दिसले, तसं त्याने नाक मुरडलं आणि विचारलं, हे कुणाचं उतरवलेलं आम्हाला घालताय? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी तिने शेडमध्ये जाऊन सांगितलं की खुणा बंद, आणि जुनेपणाचा एक ओरखडाही दिसता कामा नये. जुनं वापरण्यात कमीपणा नाही, असं जगाला सांगत ती फिरली होती. आणि जुनं दिसायची लाज सगळ्यांत जास्त तिलाच वाटली होती. पंप जळायला लागल्यावर या हुकमाची आणि आगीची सांगड तिला घालता आली नाही. किंवा घालायचं धाडस झालं नाही. ते तिचं तिलाही सांगता येईना.

"आणि ती बाई दोन दिवस बाहेर बसलीये," ताई म्हणाली.

ताई स्वतः फाटकाकडे निघाली. मागून भाची, मावशी, काका, शंकासुर, आणि शेडमधले बरेच जण. वहिनी उभ्या राहिल्या. काकांनी शब्द जुळवायचा प्रयत्न केला. चूक झाली, एवढंच नीट बाहेर पडलं. वहिनींनी ते ऐकून घेतलं आणि पोलिसांकडे कुणी गेलं तर नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं.

"हुकूम माझा होता, हे तुम्हाला माहीत होतं," भाची म्हणाली. "मावशीला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं? काकांना निमित्तच हवं होतं. शेड बंद झाली असती. आणि शेड बंद झाल्यावर मी निर्दोष सुटून जाणार कुठे?" वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्ही लहान आहात. मला वाटलं, स्वतःहून बोलाल. वाट बघत होते."

भाचीला रडू आलं. वहिनींनी तिला रडू दिलं, पण जवळ घेतलं नाही.

"मी आत येते," त्या म्हणाल्या, "पण उद्यापासून खुणा मारायच्या. माझ्या टेबलावरून जाईल त्यावर माझी, शंकासुर पास करतील त्यावर त्यांची. आणि गिऱ्हाइकाकडे पाठवता तुम्ही, तेव्हा तुमचीही. दिसेल अशी."

"गिऱ्हाईक विचारेल," काका न राहवून म्हणाले.

"विचारू दे," भाची म्हणाली.

वहिनींनी डबा उचलला आणि त्या सगळ्यांच्या पुढे चालत आत गेल्या. शेडमध्ये त्यांनी लोखंडी खिळा आणि हातोडी शोधली आणि रॅकवरचा पहिला शाफ्ट पकडीत आवळला. हातोडी त्यांनी भाचीच्या हातात दिली.

भाचीने पहिला घाव घातला. तो इतका हलका पडला की पोलादावर काहीच उमटलं नाही.

"जोरात," वहिनी म्हणाल्या.